नर्सिंगची 'ऑनलाइन एम.एस्सी.': या डिग्रीचा टंच कसा काढायचा?

"एम.एस्सी. नर्सिंग ऑनलाइन होते का हो?" खामगाव, शेगाव, नांदुरा या पट्ट्यातल्या ओळखीच्या सिस्टर मला अधूनमधून हा प्रश्न विचारतात. सोबत बहुतेक वेळा एखाद्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट असतो. 'नोकरी सोडू नका, घरबसल्या नर्सिंग लीडरशिपमध्ये मास्टर्स', 'यूजीसी मान्य', 'हजेरीची गरज नाही', 'शेवटच्या १० जागा'. खाली व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण.

आधी एका ओळीत उत्तर देतो. भारतात नर्स म्हणून नोंदणीला, बढतीला किंवा नर्सिंग कॉलेजात शिकवायला चालेल अशी एम.एस्सी. नर्सिंग ऑनलाइन किंवा डिस्टन्सने होत नाही. कोणी 'होते' म्हणून पैसे मागत असेल, तर पैसे देऊ नका.

पण विषय इथे संपत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर भोळ्या नाहीत. त्यांची गरज खरी आहे आणि सध्याच्या नियमांत त्या गरजेला धड उत्तर नाही, म्हणून एजंटचं फावतं. नियम काय आहे, तो का आहे, कुठे बरोबर आहे आणि कुठे कमी पडतो, ते एकेक करून बघू. फोनवरून पडताळणी कशी करायची तेही सांगतो.

नियम नेमका काय आहे?

यात दोन संस्थांची नावं लक्षात ठेवा. पहिली म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिल, म्हणजे आयएनसी. १९४७ च्या कायद्याने ती आली. देशभरात नर्सिंगचा अभ्यासक्रम कसा असावा, शिक्षक कोण असावेत, किती खाटांचं हॉस्पिटल हवं, हे ती ठरवते. डिस्टन्सने केलेली एम.एस्सी. नर्सिंग आयएनसी मान्य करत नाही.

दुसरी संस्था यूजीसी. ऑनलाइन आणि दूरशिक्षणासाठी यूजीसीचे २०२० चे नियम आहेत. कोणते कोर्स या पद्धतीने चालवायचेच नाहीत, याची यादी त्यात आहे. इंजिनीअरिंग, मेडिकल, डेंटल, फार्मसी, फिजिओथेरपी यांच्याबरोबर नर्सिंगचंही नाव त्यात आहे. उलट ही यादी वाढतेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, फूड अँड न्यूट्रिशन असे आरोग्याशी जोडलेले विषयही ऑनलाइन आणि डिस्टन्समधून बंद करायला सांगितले.

मग जाहिरातीत 'यूजीसी मान्य' लिहिलेलं असतं ते खोटं असतं का? गंमत अशी की बऱ्याचदा ते अर्धं खरं असतं. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत असतं. पण विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि त्या विशिष्ट कोर्सला ऑनलाइन चालवायची परवानगी असणं वेगळं. दुकानाला लायसन्स आहे म्हणून दुकानातला प्रत्येक दागिना शुद्ध ठरत नाही, तसंच हे.

खामगावकरांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. इथली चांदी गावोगावचे लोक विश्वासाने घेऊन जातात, कारण इथे टंच बघायची सवय आहे. आता तर १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांनाही एचयूआयडी क्रमांकाचं हॉलमार्किंग सुरू झालंय. ते ऐच्छिक आहे, पण क्रमांक असेल तर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून तपासता येतो. पैंजण घेताना आपण एवढं बघतो. मग आयुष्याची दोन वर्षं आणि साठवलेला पैसा जिथे लावायचा, त्या डिग्रीचा टंच बघायलाच हवा.

नियम का आहे?

एक साधं उदाहरण घ्या. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर देताना मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल छाती दाबावी लागते. हे वाक्य तुम्ही मोबाइलवर वाचलंत, व्हिडिओही पाहिलात. पण ५ सेंटीमीटर म्हणजे हाताला किती जोर लागतो, हे पुतळ्यावर दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि दाब आपोआप उथळ होतो, हेही तिथेच समजतं. शीर सापडणं, बाळंतिणीचा रक्तस्राव नजरेने ओळखणं, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की आधी मशीन बघायचं की पेशंट, हे शिकायला वॉर्ड लागतो, शेजारी उभी राहून चूक दाखवणारी सीनियर सिस्टर लागते.

म्हणून खाटेजवळच्या शिक्षणाबाबत नियम बरोबर आहे. यात सूट मागणं म्हणजे पेशंटच्या जिवावर सूट मागणं. मी ती मागत नाही.

पण मास्टर्समध्ये फक्त खाटेजवळचं काम असतं का?

इथे खरा मुद्दा सुरू होतो. एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स आहे. त्यात मेडिकल सर्जिकल, बालआरोग्य, स्त्रीरोग व प्रसूती, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य यांतली एक स्पेशालिटी घ्यायची असते. त्याचं क्लिनिकल काम वॉर्डातच होणार. पण त्याच कोर्समध्ये नर्सिंग एज्युकेशन, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, नर्सिंग मॅनेजमेंट हे विषयही आहेत. म्हणजे शिकवायचं कसं, आकडे वाचायचे कसे आणि वॉर्ड चालवायचा कसा. परदेशात ज्याला 'नर्सिंग लीडरशिप' म्हणतात, ते आपल्याकडे मुख्यतः या मॅनेजमेंटच्या पेपरात येतं.

लीडरशिप म्हटलं की भाषण, मोटिव्हेशन असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. वॉर्डात ती फार वेगळी दिसते. समजा ३० खाटांचा वॉर्ड आहे आणि सहा पेशंटमागे एक सिस्टर ठेवायची आहे. म्हणजे एका पाळीत ५ सिस्टर, तीन पाळ्यांत १५. आठवड्याच्या झाल्या १०५ ड्युट्या. प्रत्येकीला आठवड्यातून एक सुट्टी द्यायची, तर एक सिस्टर ६ ड्युट्या करेल. १०५ भागिले ६ म्हणजे साडेसतरा. याचा अर्थ किमान १८ सिस्टर हव्यात, तेही कोणी आजारी पडली नाही, कोणाचं बाळंतपण आलं नाही आणि कोणी रजा घेतली नाही तर. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला, म्हणजे परिसेविकेला, हे गणित कागदावर मांडून प्रशासनापुढे ठेवता आलं तर जागा मागायला आधार मिळतो. नाही मांडता आलं तर 'अॅडजस्ट करा' हेच उत्तर मिळतं आणि त्याची किंमत नाइट ड्युटीवरची एकटी सिस्टर मोजते.

रोटा लावणं, पाळी बदलताना पेशंटची माहिती नीट सोपवणं, चुकीचं औषध दिलं गेलं तर ते लपवलं न जाता नोंदवलं जाईल अशी पद्धत बसवणं, संसर्गाचे आकडे महिन्याच्या महिन्याला बघणं, नव्या मुलींना शिकवणं, ही सगळी लीडरशिपची कामं आहेत. यातलं बरंचसं वाचून, चर्चा करून, केस सोडवून शिकता येतं. त्यासाठी रोज वर्गात बसायलाच हवं असं नाही.

आयएनसीलाही हे माहीत आहे. २०२१ मध्ये आलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या सेमिस्टर अभ्यासक्रमात 'नर्सिंग मॅनेजमेंट अँड लीडरशिप', 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी' आणि 'हेल्थ / नर्सिंग इन्फर्मेटिक्स अँड टेक्नॉलॉजी' हे विषय आहेत. म्हणजे आज बी.एस्सी. करणारी मुलगी ऑनलाइन शिकवण्याची साधनं अभ्यासात शिकते. पण दहा वर्षांपूर्वी जीएनएम करून नोकरीला लागलेली आणि आज त्याच मुलींची सीनियर असलेली सिस्टर मात्र हे शिकायला जाणार कुठे?

खामगावहून पाहिलं तर

जीएनएम झालेल्या सिस्टरपुढे वर चढायची शिडी अशी आहे: आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग अनुभव, मग दोन वर्षांची एम.एस्सी. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी नोंदणीकृत नर्स असणं, बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. दोन्ही कोर्स पूर्णवेळ आहेत. म्हणजे चार वर्षं पगार नाही, वर फी आणि राहण्याचा खर्च.

खामगाव रेल्वेच्या मुख्य लाइनवर नाही, मोठी गाडी पकडायला आधी जलंब गाठावं लागतं. नागपूर इथून सुमारे ३०० किलोमीटर. घरी सासू-सासरे, शाळेत जाणारं पोर, खाजगी हॉस्पिटलातली नोकरी आणि पगारातून चाललेला हप्ता, अशा परिस्थितीत 'नोकरी सोडा आणि दोन वर्षं नागपूरला राहा' हा सल्ला बहुतेकींसाठी सल्लाच नाही. सरकारी नोकरीत असेल तर अभ्यासासाठी रजा मागता येते. खाजगीत तेही नाही.

जिल्ह्यात चित्र बदलतंय हे खरं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाणा होतं. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशभरात मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं काढायला १,५७० कोटी रुपये मंजूर केले. कॉलेजं वाढली की शिकवणारे लागणार. आणि नर्सिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरपासून पुढे जायचं तर एम.एस्सी. लागतेच. प्राचार्यपदासाठी तर एम.एस्सी.सोबत १५ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे एकीकडे शिक्षकांची मागणी वाढणार आणि दुसरीकडे अनुभवी सिस्टरला शिक्षक व्हायची वाट घरापासून ३०० किलोमीटर लांब. या फटीतच ती हिरव्या बटणाची जाहिरात उगवते.

ही जाहिरात नेमकी तुमच्याच फोनवर कशी येते?

यात जादू नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात देणाऱ्याला ठिकाण, वय, भाषा आणि आवडीचे विषय निवडता येतात. 'या शहराच्या आसपास, अमुक वयाच्या, नर्सिंगमध्ये रस असलेल्या' अशी चाळणी काही मिनिटांत लागते. तुम्ही नर्सिंग भरतीची एखादी रील शेवटपर्यंत पाहिली, एखादं पेज फॉलो केलं, की तुम्ही त्या चाळणीत बसता. जाहिरातीवर टॅप केलं की थेट व्हॉट्सअॅप चॅट उघडतं. तिथून मेसेज पाठवला की तुमचा नंबर समोरच्याकडे जातो. पुढे 'काउन्सेलर मॅडम'चे फोन येतात, आज रजिस्ट्रेशन केलं तर डिस्काउंट, उद्या नाही.

इथे तीन प्रकारचा माल विकला जातो, तो ओळखून ठेवा.

पहिला, सरळ बनावट. विद्यापीठच अस्तित्वात नसतं. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करते, ती एकदा नजरेखालून घाला.

दुसरा, नावाचा खेळ. कोर्स खरा, पण नर्सिंगचा नाही. 'एमबीए हेल्थकेअर' किंवा 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' असतं आणि विकताना त्याला 'नर्सिंग लीडरशिप मास्टर्स' म्हणतात. हॉस्पिटलच्या प्रशासनात जायचं असेल तर एमबीए उपयोगी पडेलही, पण त्यावर नर्सिंग कॉलेजात शिकवता येणार नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा. कॉलेज खरं, शिक्का खरा, कोर्स कागदावर रेग्युलर. फक्त तुम्ही जायचं नाही, हजेरी ते लावणार. याला 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात. डिग्री हातात येईल, पण न केलेल्या क्लिनिकलच्या नोंदी तुमच्या नावावर असतील. एकाच काळात इकडे पूर्णवेळ नोकरी आणि तिकडे पूर्णवेळ कोर्स, हे कागदपत्र पडताळणीत उघडं पडू शकतं. आणि नाही पडलं, तरी उद्या ज्या मुलींना तुम्ही शिकवाल त्यांना न शिकलेलं काय शिकवणार?

फोनवर टंच काढायच्या सहा पायऱ्या

एक. कोर्सचं पूर्ण अधिकृत नाव लेखी मागा. फोनवर नको, मेसेजमध्ये. त्यात 'एम.एस्सी. नर्सिंग' आणि 'ऑनलाइन' किंवा 'डिस्टन्स' हे दोन्ही असेल तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

दोन. रेग्युलर कोर्स म्हणत असतील तर आयएनसीच्या वेबसाइटवर राज्यनिहाय आणि कोर्सनिहाय संस्थांची यादी बघा. चालू शैक्षणिक वर्षात त्या कॉलेजचं नाव एम.एस्सी.समोर आहे का आणि जागा किती आहेत, ते तपासा. बी.एस्सी.ची मान्यता दाखवून एम.एस्सी. विकली जाऊ शकते.

तीन. महाराष्ट्रातलं कॉलेज असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे एमयूएचएसच्या, संलग्न कॉलेजांच्या यादीत नाव शोधा. दुसऱ्या राज्यातलं असेल तर तिथल्या विद्यापीठाची यादी बघा.

चार. वेबसाइटचं शेपूट बघा. 'डॉट एसी डॉट इन' आणि 'डॉट ईडीयू डॉट इन' ही शेपटं अर्नेट इंडिया ही संस्थाच देते, तीही शिक्षणसंस्थांना. 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी', नुसतं 'डॉट इन' कोणीही विकत घेऊ शकतं. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण खुद्द आयएनसीची साइट 'डॉट ओआरजी'वर आहे. म्हणून एजंटने पाठवलेली लिंक उघडू नका, स्वतः शोधून साइटवर जा. हुबेहूब दिसणारी नकली साइट बनवणं अवघड नसतं.

पाच. मेटाची 'अॅड लायब्ररी' उघडा आणि त्या पेजचं नाव टाका. ते पेज सध्या आणखी कोणत्या जाहिराती चालवतंय ते दिसतं. नर्सिंग, बी.एड., पीएचडी आणि परदेशी व्हिसा असं सगळं एकच पेज विकत असेल, तर समजून जा.

सहा. पैसे कोणाच्या नावावर जातायत ते बघा. ३० जून २०२५ पासून यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसायला हवं, असा एनपीसीआयचा नियम आहे. तिथे कॉलेजऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर पिन टाकू नका.

आणखी एक, मूळ मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवायचं, पडताळू द्यायचं, परत घ्यायचं. यूजीसीने २०१८ मध्येच संस्थांना मूळ कागद अडकवून ठेवायला मनाई केली आहे. कागद त्यांच्या कपाटात गेले की तुमची पैसे परत मागायची हिंमत निम्मी होते.

मग परदेशी ऑनलाइन डिग्रीचं काय?

अमेरिकेत ऑनलाइन मास्टर्स इन नर्सिंग खरोखर असतं. लीडरशिप आणि नर्सिंग एज्युकेशन असे त्यात वेगळे मार्गही असतात. पण तिथे प्रवेशाआधी साधारणपणे तिथलं आरएन लायसन्स मागतात, म्हणजे आधी एनक्लेक्स परीक्षा पास. थिअरी ऑनलाइन असली तरी प्रॅक्टिकमचे तास प्रत्यक्ष ठिकाणी, मार्गदर्शकाच्या हाताखाली भरावे लागतात. कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन यांचं अॅक्रेडिटेशन आहे का, हे तिथले लोक आधी बघतात. म्हणजे तिकडचं ऑनलाइनही 'हजेरीची गरज नाही' असं नाही. आणि अशी डिग्री घेऊन भारतात नर्सिंगमध्ये वापरायची तर आयएनसीच्या समकक्षतेचा प्रश्न येतोच. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम आणले, पण नर्सिंगसारख्या कौन्सिलच्या ताब्यातल्या पदव्या त्यांच्या बाहेर ठेवल्या.

आपल्याकडे मधला मार्ग कधीच नव्हता का?

होता, आणि सरकारनेच काढलेला. इग्नूने १९९४ मध्ये नोकरीतल्या जीएनएम सिस्टरांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग डिस्टन्सने सुरू केलं, आयएनसीच्या संमतीने. वाचन घरी, पण संपर्कवर्ग आणि प्रॅक्टिकल ठरलेल्या केंद्रावर. पुढे उपकेंद्रांवर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर नेमायचे ठरले, तेव्हा इग्नूचाच सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थ सर्टिफिकेट कोर्स नर्सेससाठी आला. पुस्तकं आणि प्रत्यक्ष काम अशी सांगड त्यातही होती.

तिसरं उदाहरण तर पदव्युत्तरच आहे. आयएनसीचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स. त्यात थिअरी सुमारे २० टक्के आणि उरलेलं ८० टक्के आयसीयूमधलं काम. म्हणजे हॉस्पिटलात काम करत करत मास्टर्स होऊ शकतं, हे आयएनसीने स्वतःच मान्य केलंय.

आणि कोविड आठवा. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने दीक्षा प्लॅटफॉर्मवर आयगॉट सुरू केलं आणि डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल यांना मोबाइलवरून ट्रेनिंग दिलं. कॉलेजंही ऑनलाइन चालली. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. कामावर असलेली सिस्टर फोनवर शिकू शकते. आणि झूमवर पीडीएफ वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. ऑनलाइन शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे. धडा दहा मिनिटांच्या तुकड्यांत तोडायचा, प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न टाकायचा, नाइट ड्युटीवाल्यांसाठी रेकॉर्डिंग ठेवायचं, वॉर्डातली खरी अडचण चर्चेला द्यायची. हे शिकलेल्या सिस्टर आपल्याकडे जितक्या जास्त होतील, तितकं लहान गावातलं नर्सिंग शिक्षण सुधारेल.

नव्या आयोगाने काय करावं?

ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन कायदा मंजूर झाला. १९४७ चा कायदा आणि आयएनसी यांची जागा घेण्यासाठी तो आहे. त्यात पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी एक, तपासणी व रेटिंगसाठी एक, आणि नीतिमत्ता व नोंदणीसाठी एक, अशी तीन मंडळं आहेत. अभ्यासक्रमाच्या चौकटी नव्याने आखायची हीच वेळ आहे.

माझं म्हणणं असं: स्पेशालिटी आणि क्लिनिकल आहे तसंच प्रत्यक्ष ठेवा. पण एज्युकेशन, मॅनेजमेंट, रिसर्च हे पेपर नोकरीतल्या सिस्टरला ऑनलाइन करू द्या आणि क्लिनिकलचे तास तिच्या जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात भरू द्या. कोर्स दोनऐवजी तीन वर्षांचा झाला तरी चालेल.

यावर आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. ऑनलाइनचं दार किलकिलं केलं की कागदी कॉलेजं त्यातून आत घुसतील. भीती खरी आहे. पण 'रेग्युलर' या शिक्क्याने तरी ती कुठे थांबलीयत? नॉन-अटेंडिंगचा धंदा रेग्युलर कोर्सच्या नावावरच चालतो. म्हणजे खरी पकड हजेरीच्या वहीतून येत नाही, परीक्षेतून येते. ओस्की नावाची पद्धत आहे. दहा-पंधरा टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर काही मिनिटांत एक काम करून दाखवायचं आणि परीक्षक ठरलेल्या यादीवर खुणा करत जातो. ही परीक्षा स्वतःच्या कॉलेजात न घेता सरकारी केंद्रावर, बाहेरच्या परीक्षकांसमोर घेतली, तर न शिकलेला माणूस तिथे अडकतो. मग थिअरी नागपूरच्या वर्गात ऐकली की खामगावात मोबाइलवर, याने फारसा फरक पडत नाही.

जगाचा आकडाही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मे २०२५ च्या अहवालानुसार जगात २०२३ मध्ये २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरी ५८ लाखांची कमतरता होती. ही कमतरता नुसत्या नव्या कॉलेजांनी भरत नाही. शिकवणाऱ्या आणि वॉर्ड चालवणाऱ्या अनुभवी नर्स लागतात, आणि त्या आधीच कामावर आहेत. त्यांना वर यायची वाट द्यायला हवी.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

जीएनएम असाल तर इग्नूच्या पोस्ट बेसिकला यंदा प्रवेश आहे का, हे इग्नूच्याच साइटवर बघा. नसेल तर आयएनसीच्या यादीतलं रेग्युलर कॉलेज शोधा.

बी.एस्सी. असाल आणि लगेच एम.एस्सी. शक्य नसेल, तर स्वयम् पोर्टलवर शिक्षणशास्त्र, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, व्यवस्थापन यांचे कोर्स मोफत शिकता येतात, सर्टिफिकेटसाठी परीक्षा फी असते. सरकारी नोकरीत असाल तर आयगॉट कर्मयोगीवर कोर्स आहेत. यातलं काहीही एम.एस्सी.ची जागा घेत नाही. पण रोटाचं गणित मांडायला, वॉर्डातल्या मुलींना शिकवायला आणि पुढे खरी एम.एस्सी. करताना नक्की कामी येतं.

नर्सेस युनिक आयडी, म्हणजे एनयूआयडी, काढलेला नसेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून काढून घ्या. देशाच्या नोंदवहीत तुमचं नाव आणि शिक्षण त्याच क्रमांकाखाली असतं.

आणि पैसे भरून बसला असाल तर लाजू नका, गप्पही बसू नका. पुढचा हप्ता थांबवा. चॅट, पावत्या, कॉल रेकॉर्डिंग, यूपीआयचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. पैसे परत आणि मूळ कागद परत, अशी मागणी लेखी करा. फसवणूक नुकतीच झाली असेल तर लगेच १९३० वर फोन लावा, जितका लवकर फोन तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर सायबर क्राइम पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

हा लेख तुमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाका. तिथे एखादी तरी सिस्टर असेल, जिच्या चॅटमध्ये आत्ता 'मॅडम, आज शेवटचा दिवस' असा मेसेज येऊन पडलाय.